तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईल असताना कॅल्क्युलेटर कशाला?

उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये येणारा प्रत्येक नवा इंजिनिअर हेच विचारतो, आणि आता पुतण्याही. मोबाईलमध्ये सगळं असताना हा कॅसिओ कशाला? "सवय आहे," म्हणून मी विषय मिटवत आलो. पण सवय हे कारण नाही.

मोबाईल चुकीचं उत्तर देतो असं मी कधी म्हटलेलं नाही. कूलंट लागलेल्या बोटांनी काचेवर आकडे नीट दाबले जात नाहीत हे खरं, पण तेवढ्यासाठीही नाही.

वडील, म्हणजे अण्णा, एका कारखान्यात टर्नर होते, लेथवर धातू कातायचे. शिक्षण सातवी. टेपरचा, म्हणजे निमुळत्या भागाचा, कोन हवा असला की लेथ थांबवून साहेबांची वाट बघायची, कारण लॉग टेबल साहेबांकडे. १९७२ साली ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-३५ निघाला, साइन-टॅन काढणारा कॅल्क्युलेटर. शर्टाच्या खिशात मावला पाहिजे, हा कंपनीचे एक संस्थापक बिल ह्यूलेट यांचा आग्रह होता. पण किंमत ३९५ डॉलर. तो खिसा टर्नरचा नव्हता. १९७६ मध्ये टीआय-३० आला तो २५ डॉलरच्या आसपास. पुढे कॅसिओचे एफएक्स आले आणि अण्णांनी बोनसमधून एक घेतला. बेरीज-वजाबाकी, अंक सरकवणं आणि साठवलेले थोडे आकडे, एवढ्यावर साइन-टॅन काढायची रीत जॅक व्होल्डर यांनी १९५९ मध्ये मांडली, तीही बॉम्बर विमानाच्या दिशादर्शनासाठी. तीच एचपी-३५ मध्ये वापरली गेली. हे मला फार नंतर कळलं. अण्णांना एवढंच ठाऊक होतं की आता कुणाची वाट बघायला नको.

मग तो जॉब आला. मोठा व्यास ५०, लहान ४०, लांबी ८० मिलिमीटर. व्यासांच्या फरकाला दुप्पट लांबीनं भागलं की ०.०६२५, त्याचा इन्व्हर्स टॅन म्हणजे कोन. अण्णांचं उत्तर ३.५८ अंश, साहेबांच्या कॅल्क्युलेटरवर ३.९७.

"साहेब, दोन्ही शेजारी ठेवून एकदा बघूया की."

"सातवी पास माणसानं आता मला टॅन शिकवायचा का?"

लेथवर कोन लावायची कंपाउंड स्लाइड ३.९७ ला लावून अख्खी बॅच निघाली. तपासायला ब्लू, म्हणजे निळा रंग, लावून गेज फिरवला तर डाग सगळीकडे पडायच्या ऐवजी एका कडेलाच. माल भंगारात गेला. जॉब कार्डवर सही अण्णांची, म्हणून पगार त्यांचा कापला.

मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो. त्या रात्री अण्णांचाच कॅल्क्युलेटर घेऊन कोन मोजायचे मोड बदलत बसलो. रेडियनला ०.०६२४ येतं, ते बघून कुणीही थबकेल. ग्रेडला मात्र ३.९७. ग्रेड म्हणजे काटकोनाचे नव्वदऐवजी शंभर भाग. अंशासारखंच दिसणारं उत्तर, आणि डिस्प्लेवर फक्त तीन बारीक अक्षरं वेगळी. अण्णांना उठवून दाखवलं. ते म्हणाले, "असू दे. नोकरी करायची हाय अजून."

तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो. तेही टिकलं नाही. सुरुवातीच्या एचपी-३५ वर २.०२ चा नॅचरल लॉग घेऊन उलटा फिरवला की २.०२ ऐवजी नुसते २ यायचे. कंपनीनं ग्राहकांना कळवलं, बदलून देऊ केलं. हे वाचलं तेव्हा माझा जळफळाट झाला. आमच्याकडे कुणी कळवलं नाही.

पुतण्या म्हणतो, "काका, हातात बरोबर उत्तर असूनही आजोबाच हरले. मग त्या कॅल्क्युलेटरनं काय केलं?" त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. आपण बरोबर आहोत हे अण्णांना कळत होतं, एवढंच मी म्हणू शकतो. कधी ते मला पुष्कळ वाटतं, कधी त्याचाच संताप येतो.

माझ्याकडे प्रत्येक लेथपाशी एक कॅल्क्युलेटर असतो, हेल्परनंही वापरायचा. दोन उत्तरं वेगळी आली की मशीन बंद, मग पार्टी फोनवर कितीही ओरडू दे. त्यातलं एक मोबाईलवर काढलेलं असलं तरी चालतं.