किर्र की चुंईं?

"आवाज कसा येतोय?" आमच्या मेकॅनिक उस्तादांनी फोनवर विचारलं आणि माझी पंचाईत झाली.

पस्तीस वर्षं मुद्रितशोधन केलेली बाई मी. एकेका वेलांटीवरून लेखकांशी भांडलेली. पण आमच्या फियाटच्या बॉनेटखालून जे काही येत होतं त्याला नेमकं काय म्हणावं, हे मला सुचेना.

"कुईकुई," मी चाचरत म्हटलं.

"कुईकुई म्हणजे चिवचिव की चुंईं?"

"फरक असतो?"

"असतो ना, ताई. चुंईं असेल तर पट्टा घसरतोय. चिवचिव असेल तर पट्टा तिरका चाललाय. घरघर असेल तर बेरिंग, पाण्याचा पंप उतरवावा लागणार. आणि किर्र असेल तर..." पलीकडे कुणीतरी हातोडा मारायला लागलं आणि किर्रचं भवितव्य मला कळलंच नाही. फोन बॉनेटवर धरून ऐकवू का, असं विचारलं तर म्हणाले, "फोनमधून सगळंच चुंईं ऐकू येतं. घरातल्यांना विचारून ठेवा."

घरातल्यांना विचारणं हा भयंकर सल्ला होता. आईचं मत पडलं, "तेल मागतंय ते." तिच्या मते जगातली प्रत्येक कुरकुरणारी वस्तू, म्हणजे शिवणयंत्र, दाराची बिजागरी, तिचा स्वतःचा गुडघा, तेलच मागत असते. मुलाला आवाज ऐकूच येईना. "तो तर आहेच की पहिल्यापासून," म्हणाला. वॉचमनला खात्री होती की आत पाखरू अडकलंय. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मात्र पायरीवर थांबून नीट ऐकत राहिल्या. "पाट्यावर कोरडा वरवंटा फिरवल्यावानी वाजतंय," त्या म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. मी हसले होते तेव्हा. हे आता लिहून ठेवते.

गाडी बाबांची. १९६९ची फियाट ११०० डी, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेली. हिचंच पुढे १९७४मध्ये पद्मिनी असं बारसं झालं. २०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. मी चौकशी केली होती. पण तसं केलं की गाडी प्रदर्शनात न्यायची, रॅलीत न्यायची, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. रोजच्या वापराला काढायची नाही. म्हणजे आमच्या गाडीला पार्ल्याच्या बाजारातून भाजी आणायला बंदी. बाबांना हे अजिबात पटलं नसतं, म्हणून गाडी अजून साधी नागरिकच आहे.

आवाज पावसाच्या सुरुवातीला लागला. सकाळी गाडी सुरू केली की मिनिटभर जोरात, मग कमी, पण पूर्ण बंद कधीच नाही. समोरचे काका पश्चिम रेल्वेच्या लोअर परळ वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. उस्ताद गावाहून परत यायला आठवडा होता, तेव्हा काकांनी प्रकरण हाती घेतलं. रेल्वेत चाकावर हातोडी मारून नाद ऐकायची जुनी पद्धत; चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द. त्या कानाला इंजिन म्हणजे काय, असा त्यांचा एकंदर पवित्रा होता.

अडचण एकच. ऐकायचं कधी? मुंबईत एका इंजिनातला एक आवाज वेगळा काढायचा म्हणजे सिद्धिविनायकाच्या मंगळवारच्या रांगेत हरवलेली चप्पल शोधण्यासारखं. रविवारी पहाटे साडेपाचची वेळ ठरली. गाडी सुरू केली, काका वाकले आणि डोक्यावरून विमान गेलं. ते संपतं न संपतं तो पाववाल्याच्या सायकलचा भोंगा. मग कोकीळ. मग पहिल्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी. मग पुन्हा विमान. आम्ही विमानतळाच्या इतक्या जवळ राहतो हे मला पन्नास वर्षांत इतक्या तीव्रतेने कधी जाणवलं नव्हतं.

तरीही काकांनी काम पद्धतशीर केलं, हे कबूल करायला हवं. "पदर खोच आधी, पंखा फिरतोय," असं मला बजावून त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक इंजिनाच्या फिरत्या भागाला नाही, त्याच्या बाहेरच्या स्थिर अंगाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. डॉक्टरांची नळीच. मीही ऐकलं. आत एक वेगळीच वस्ती आहे. टॅपेटांची टिकटिक, चेनची सळसळ, पंपात पाण्याचं गुळगुळ. आणि डायनॅमोपाशी, म्हणजे बॅटरीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्रापाशी, टोक नेलं की हे सगळं मागे पडून एक कोरडी रेघ. पण पुली तिथेच, पट्टा तिथूनच जातो, त्यामुळे गुन्हेगार कोण ते कळेना.

या इंजिनात तशी भानगड फार नाही. १०८९ सीसी, समोर एकच फॅनबेल्ट. क्रँकच्या पुलीवरून निघतो, पाण्याचा पंप फिरवतो, त्याच्याच दांड्यावर पंखा, आणि वर डायनॅमो. एकाच पट्ट्यावर तिघांचा संसार. सकाळी मिनिटभरच जोरात का, तेही काकांनी सांगितलं. स्टार्टरने बॅटरीची वीज ओढलेली असते, ती भरून काढायला डायनॅमो जोर लावतो. मग तो फिरायला जड होतो आणि दमट हवेत पट्टा घसरतो. दिवे लावून बघितले, आवाज वाढला. मग त्यांनी पट्ट्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे चार थेंब सोडले. पाण्याने आवाज दबला तर पट्टा तिरका, वाढला तर ढिला. आमचा आधी दबला, मग वाढला. काकांनी चष्मा पुसला.

इथे एक कबुलीजबाब. त्याआधी दोन दिवस मी आईचं ऐकून पट्ट्यावर शिवणयंत्राचं तेल सोडलं होतं. दहा मिनिटं स्वर्गीय शांतता. मग असा किंचाळला की दूधवाला थांबला. पट्टा पकडीवर चालतो, त्याला निसरडं करायचं म्हणजे मल्लखांबपटूच्या हाताला लोणी लावण्यासारखं. काकांना मी हे सांगितलं नाही. पण त्यांनी बोट फिरवलं, वास घेतला आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं.

पुढचा प्रयोग सोपा आणि निर्णायक होता, तो आम्ही सगळ्यात शेवटी का केला कोण जाणे. डायनॅमोचा बोल्ट ढिला करून पट्टाच उतरवला आणि गाडी अर्धा मिनिट सुरू केली. त्याहून जास्त नाही, कारण पंप फिरत नसतो, इंजिन तापतं. आवाज बंद. म्हणजे चोर इंजिनाच्या पोटात नाही. पट्टा, पंप आणि डायनॅमो या तिघांतच आहे. पंख्याची पाती धरून हलवली, दांडा डुगडुगत नव्हता. पंपाच्या खालच्या छिद्रातून पाणी ठिबकत नव्हतं. पंप निर्दोष सुटला. मग डायनॅमोची पुली हाताने फिरवली.

किर्र.

अगदी बारीक. विमान नव्हतं म्हणून ऐकू आलं. कोरडा वरवंटा.

उस्ताद आले तेव्हा मी त्यांना बॉनेट उघडू न देताच म्हटलं, "किर्र." त्यांनी मान डोलावली. "मग बुश." डायनॅमोच्या पुढच्या टोकाला बॉल बेरिंग असतं, मागच्या टोकाला पितळी दिसणारा छोटा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी. मागे तेलाला एक बारीक भोक असतं, त्यात मधूनमधून दोन थेंब सोडायचे असतात. बाबा सोडत असणार. मला ते भोक आहे हेच ठाऊक नव्हतं. वर मागच्या वर्षी एका गॅरेजवाल्याने चुंईं घालवण्यासाठी पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणून दिला होता. अंगठ्याने दाबला तर अर्धा इंच दबायला हवा, तो दबतच नव्हता. त्या ताणाने कोरडा बुश एका बाजूने खाल्ला गेला. नंतर पट्टा झिजून पुन्हा ढिला पडला, आणि पावसात दोघं मिळून गायला लागले. म्हणजे चुंईंही होती आणि किर्रही. पाण्याचा प्रयोग का फसला ते मला तेव्हा कळलं. माझ्या तेलाचा त्यात किती हात होता, तो मुद्दा मी पुढे रेटला नाही.

"तेलच मागत होतं," आई गॅलरीतून म्हणाली.

"मागत होतं, आजी," उस्ताद वर बघून म्हणाले. "पण पट्ट्याला नव्हे, बुशला."

पूर्वी हे सगळं करावंच लागलं नसतं. पार्ले स्टेशनबाहेर काळ्या-पिवळ्या पद्मिनींची रांग असायची. तिथे नेऊन उभी केली की पहिला टॅक्सीवाला बिडी बाजूला ठेवून कान लावायचा, दुसरा त्याला चूक ठरवायचा, तिसरा डिकीतून जुना पट्टा काढून द्यायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३च्या त्याच दिवसांत ती रस्त्यावरून गेली. लोकांनी फोटो काढले, हळहळ झाली. मला फोटोतल्या टपावरच्या कॅरियरपेक्षा त्या ड्रायव्हरांचे कान आठवतात. आता ते कान ॲपवर पुढचं भाडं वाजलं का ते ऐकतात.

बुशसाठी मी ऑपेरा हाउसकडच्या सुट्या भागांच्या दुकानांतून फिरले. दोन ठिकाणी "डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवून टाका ना" असा सल्ला मिळाला. तो चुकीचाही नाही, आणि मी तो ऐकला नाही. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेटनी माझ्या हातातला जुना बुश करंगळीत घालून बघितला, कुठल्या तरी फळीवरून पिवळट खोका काढला, त्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "रात्रभर तेलात घाला. कोरडा बसवू नका." या धातूला बारीक छिद्रं असतात, तो तेल पिऊन ठेवतो आणि चालताना थोडं थोडं सोडतो. पुरता भिजायला चोवीस तास लागतात.

घरी आले तर ओट्यावर मटकी भिजत होती. तिच्या शेजारी स्टीलच्या वाटीत मी इंजिन ऑइल ओतलं, त्यात बुश सोडला आणि झुरळ पडू नये म्हणून वर ताटली ठेवली. रात्री आई पाणी प्यायला उठली, ताटली उचलून बघितलं.

"हे काय भिजत घातलंयस?"

"डायनॅमोचा बुश."

तिने वाटी दिव्याकडे धरली. काळसर तेलातून एक बारीक बुडबुडा वर आला, मग आणखी एक. "पितोय की," ती म्हणाली आणि ताटली अलगद परत ठेवली.

दुसऱ्या रात्री उस्तादांनी येऊन बुश बसवला, डायनॅमोतले कार्बन साफ केले, नवा पट्टा चढवून अंगठ्याने दाबून बघितला. मागच्या भोकात दोन थेंब टाकायचा मान आईला दिला. त्यासाठी ती शिवणयंत्राची कुपी घेऊन दोन जिने उतरली. गाडी सुरू केली. टिकटिक, सळसळ, बाकी काही नाही.

मटकीची उसळ झाली, मोड छान आले होते. वाटी मात्र तीनदा घासूनही वास जाईना. ती आता गाडीत आहे, डॅशबोर्डच्या खणात, तेलाची कुपी ठेवायला. सहाच्या संचातली होती म्हणून आईचं अजून थोडं कुरकुरणं चालू आहे.