फाइल डी वर, तुकडे सी वर

मंगळवारी रात्री साडेअकराला सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. शिल्लक 212 एमबी. मला खरंच कळेना, कारण डाउनलोड मॅनेजर टाकला त्याच दिवशी मी त्याचं डाउनलोड फोल्डर डी वर नेलं होतं आणि डी वर 700 जीबी मोकळी होती. तरी आमच्या गटाच्या मुलाखतींची 48 जीबीची फाइल 81 टक्क्यांवर थांबली होती, आणि तिची लिंक सकाळी बंद होणार होती.

विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबली, समोर आलेल्या चौकटीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘ॲपडेटा’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर मारलं. हे फोल्डर विंडोज एरवी लपवून ठेवतं. आत क्लायंटच्या, म्हणजे त्या डाउनलोड मॅनेजरच्या, नावाचं फोल्डर, त्यात उतरत असलेल्या फाइलचे आठ तुकडे, सगळे मिळून 39 जीबी. फाइल डी वर जाणार होती ती पूर्ण झाल्यावर. तोवर सगळा भार सी वरच.

सेटिंग्ज नीट उघडून पाहिल्या, तर जागा दोन होत्या. पूर्ण झालेली फाइल कुठे ठेवायची ते पहिल्याच पानावर दिसतं. उतरत असलेले तुकडे कुठे ठेवायचे ते शेवटच्या टॅबवर खाली होतं, आणि त्याला मी कधी हातच लावला नव्हता.

त्या रात्री मात्र मी ती जागा बदलली नाही. डाउनलोड चालू असताना पत्ता बदलला तर क्लायंटला जुने तुकडे सापडतीलच याची खात्री नसते आणि सगळं पहिल्यापासून सुरू व्हायची भीती असते. आधी रिसायकल बिन रिकामा केला, फोनचे जुने व्हिडिओ डी वर हलवले, 14 जीबी मोकळी झाली. पावणेदोनला शेवटचा तुकडा उतरला. मग आठही तुकडे जोडले गेले.

ही जोडणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुकडे पुसले जातात ते फाइल पूर्ण जुळल्यावर, म्हणजे काही मिनिटं 48 चे 96 जीबी लागतात. जे क्लायंट अख्खी फाइल एकच धरून उतरवतात त्यांचं वेगळं: तिथे दोन्ही फोल्डरं एकाच ड्राइव्हवर असतील तर शेवटी फक्त नोंद बदलते, फाइल केवढीही असो, क्षणात जागेवर. ड्राइव्ह वेगळे असले की आधी पूर्ण कॉपी, मग जुनी प्रत पुसणं.

आता डी वर ‘अर्धवट’ आणि ‘पूर्ण’ अशी दोन फोल्डरं केली आहेत. बॅकअप फक्त ‘पूर्ण’चा. ‘अर्धवट’ क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरात चुकूनही ठेवू नका. तुकडा बदलला की सिंक तो पुन्हा चढवायला घेतं आणि कधीकधी फाइल अडकवूनही ठेवतं. एका क्लायंटपायी विंडोजचंच टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं, फोल्डर हलवायचा सल्लाही मला पटत नाही, त्यावर बाकीचे सगळे प्रोग्राम अवलंबून असतात. आणि पेन ड्राइव्ह फॅट32 या जुन्या फॉरमॅटचा असेल तर 4 जीबीची फाइलसुद्धा त्यावर मावत नाही, मग जागा कितीही मोकळी दिसो.

काल 31 जीबीचा पुढचा भाग उतरवला. सी ची पट्टी जागची हलली नाही.