वाडीतले घर हंगामापुरते देताना

गुहागर तालुक्यातले आमचे वडिलोपार्जित जांभ्याचे घर आम्ही काही वर्षांपासून हंगामापुरते भाड्याने देतो. पहिल्या वर्षी मुंबईतल्या फ्लॅटचा करारनामा नाव-पत्ता बदलून तसाच वापरला होता. त्यात सोसायटीची देखभाल, लिफ्ट आणि पार्किंग यांचा तपशीलवार उल्लेख होता, पण विहिरीबद्दल एक शब्दही नव्हता. त्या मे महिन्यात उतरलेल्या कुटुंबाने खळे, म्हणजे घरापुढचे अंगण, गार राहावे म्हणून दिवसभर पंप चालू ठेवला आणि चौथ्या दिवशी नळाला मचूळ पाणी आले. दोष त्यांचा नव्हता, कारण किनाऱ्यालगतच्या विहिरीतून उन्हाळ्यात अति उपसा केला की खारे पाणी आत सरकते, हे त्यांना आम्ही सांगितलेच नव्हते. आता पंप सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तासच चालवावा आणि त्याहून अधिक पाणी लागल्यास टँकरचा खर्च राहणाऱ्याने करावा, असे करारातच लिहितो.

सही कोणी करायची, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. कोकणातली जुनी घरे बहुधा सामायिक असतात; आमच्याही घरपट्टीच्या उताऱ्यावर वडील आणि दोन चुलते अशी तीन नावे आहेत, त्यामुळे घर देण्याचे आणि रक्कम स्वीकारण्याचे अधिकार मला देणारे संमतीपत्र मी करारासोबत जोडतो. ते मिळवायला करार लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि धाकट्या काकांनी एकच अट घातली, की देवघर कुलूपबंद राहील. म्हणून देवघर आणि माळा वगळून कोणत्या खोल्या दिल्या आहेत, हे मी खोलीनिशी नोंदवतो.

कराराचे स्वरूप लिव्ह अँड लायसन्सचे ठेवावे. १८८२ च्या भारतीय सुखाधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार लायसन्स म्हणजे केवळ वापराची परवानगी असते, तिच्यामुळे मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही. मात्र नुसते शीर्षक तसे देऊन भागत नाही, आतला मजकूरही त्याला धरून असावा लागतो. महिना किंवा त्याहून अधिक काळासाठी घर देताना मी ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क भरून रीतसर नोंदणी करतो.

मुदतीबाबत मी फार काटेकोर आहे. पावसाळ्यासाठी घर दिले, तरी गणेश चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी ते रिकामे झालेच पाहिजे, कारण रंगरंगोटी व्हायची असते आणि सगळे चाकरमानी त्याच घरात उतरणार असतात. तारखेसोबत वेळही लिहावी, तसेच मुदतीनंतर राहिल्यास दर दिवसाला किती रक्कम द्यावी लागेल, तेही लिहावे. हा आकडा अवाच्या सवा ठेवण्यात अर्थ नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देते, आणि तीही लिहिलेल्या आकड्याच्या मर्यादेत.

रद्द करण्याच्या अटीवर आमच्याकडे सर्वांत जास्त विचार करावा लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा गुहागरकडे यायचा नेहमीचा रस्ताच अडला. त्यामुळे ‘नैसर्गिक आपत्ती’ असे मोघम लिहून न थांबता, रस्ता बंद असल्यास किंवा सलग चोवीस तासांहून अधिक वीज नसल्यास राहणाऱ्याने तारीख बदलून घ्यावी किंवा न राहिलेल्या दिवसांचे पैसे परत घ्यावेत, असा पर्याय मी देतो. इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात, एसी चालत नाही, हेही त्याच परिच्छेदात सांगतो.

आंब्याचे कलम मात्र विसरू नये. इथे कलम दोन्ही अर्थांनी घ्यावे. आमची झाडे मोहोरापासूनच व्यापाऱ्याकडे करारावर असतात, तेव्हा पाहुण्यांनी हौसेने काढलेल्या फळांचे पैसे कोणी द्यायचे, यावरून एकदा चांगलीच खडाजंगी झाली होती. झाडावरच्या फळांवर राहणाऱ्याचा हक्क नाही आणि माडाखाली गाडी लावल्यास नुकसानीची जबाबदारी मालकाची नाही, ही दोन वाक्ये तेव्हापासून करारात आली.

राहणाऱ्यांची संख्या, नावे आणि ओळखपत्रांच्या प्रती हव्यातच. परदेशी नागरिक असल्यास त्यांची माहिती चोवीस तासांत सरकारकडे ऑनलाइन कळवावी लागते. अनामत रकमेतून कोणत्या गोष्टींची वजावट होईल आणि उरलेली रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे लिहावे. शेवटी भांड्याकुंड्यांची यादी आणि वीजमीटरचे आकडे जोडावेत. आमच्याकडे किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. घर देताना आणि परत घेताना त्या आणि राहणारे मिळून यादीवर खुणा करतात, आणि या कामाचे त्यांचे पैसे आम्ही देतो, राहणाऱ्यांनी वेगळे द्यायचे नाहीत, असेही त्यात नमूद आहे.