लिनिअर की प्रोग्रेसिव्ह? मागच्या स्प्रिंगचा माझा अनुभव

माझी माउंटन बाइक सिंगल पिव्हट फ्रेमची, म्हणजे मागचं चाक एकाच सांध्याभोवती वरखाली होतं. मागचा ट्रॅव्हल, म्हणजे ते चाक जास्तीत जास्त किती वर येतं, १५० मिलिमीटर. हवेच्या दाबावर चालणारा एअर शॉक काढून धातूच्या स्प्रिंगचा कॉइल शॉक बसवला तेव्हापासून खडकाळ वाटेवर मागचं चाक जमीन सोडेना. पण पुण्याजवळच्या डोंगरांत पायरीएवढ्या कातळावरून उडी पडली की शॉक ठाणकन तळाला आपटायचा.

सगळ्यांचा सल्ला एकच: कडक स्प्रिंग टाक. म्हणून ४५० पाउंडची काढून मित्राची ५००ची लावून पाहिली. दोन्ही लिनिअर, म्हणजे ४५०ची स्प्रिंग पहिल्या इंचाला ४५० पाउंड मागते आणि दुसऱ्यालाही आणखी तेवढेच. सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक जितका दबतो ते, ३० टक्क्यांवरून २७वर आला, बारीक खडीवर बूड खडखडायला लागलं आणि आपटणं काही थांबलं नाही. स्प्रिंगला आधीच थोडी दाबून ठेवणारी प्रीलोडची रिंग पिळूनही भागत नाही. त्याने सुरुवात बदलते, स्प्रिंगचा दर, म्हणजे दर इंचाला लागणारे पाउंड, नाही.

मग फ्रेमच मोजायला घेतली. स्प्रिंग उतरवून शॉक परत बसवला, दर १० मिलिमीटर दाबाला चाकाचा आस किती वर येतो ते टेपने पाहिलं. कंटाळवाणं काम आहे, पण खरं उत्तर इथेच मिळतं. पहिल्या टप्प्याला आस २६.५ मिलिमीटर उचलला, शेवटच्याला २३.५. म्हणजे लिव्हरेज (शॉक जेवढा दबतो त्याच्या किती पट चाक हलतं ते) जेमतेम ११ टक्के उतरतो. ज्या फ्रेममध्ये तो २०-२५ टक्के उतरतो, तिथे शेवटचा कडकपणा फ्रेमच देते, तिथे लिनिअर स्प्रिंग छान चालते. माझ्या फ्रेमकडे ते नव्हतंच, म्हणून प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग मागवली.

प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगचे वेढे सारख्या अंतरावर नसतात. दाबताना जवळचे वेढे आधी एकमेकांना टेकतात, काम करणारे वेढे कमी उरतात आणि दर चढतो. सुरुवातीचा दर ४५०च ठेवला, त्यामुळे सॅग जवळपास पूर्वीइतकाच राहिला. ऑर्डर करताना आतला व्यास आणि स्प्रिंगचा स्ट्रोक, म्हणजे ती किती दाबली जाऊ शकते, मात्र तपासा. माझ्या शॉकचा स्ट्रोक ६० मिलिमीटर, स्प्रिंगचा त्याहून कमी चालत नाही.

आता मोठ्या उडीला शॉक तळापर्यंत जातो, पण ठोका बसत नाही. मात्र खोलवर दाबलेली ही स्प्रिंग जोरात परत फेकते, म्हणून रिबाउंड, म्हणजे शॉक परत उघडण्याचा वेग, थोडा हळू करावा लागला. मित्राच्या फ्रेमला, जिथे लिव्हरेज मुळातच भरपूर उतरतो, मी ही स्प्रिंग सुचवणार नाही. त्याला शेवटचा ट्रॅव्हल कधी वापरायलाच मिळायचा नाही.