चौथा ठिपका

स्मरणिकेसाठी लिहायचं ठरल्यावर आधी एक कबुली. प्रयोगशाळेतल्या दुर्बिणीचा काटकोनी प्रिझम 1988 च्या दिवाळीनंतर सापडेनासा झाला होता. शिपाईमामांपासून सगळ्यांवर संशय घेऊन झाला. तो माझ्या हातून गच्चीच्या कठड्यावरून शेजारच्या वाड्याच्या हौदात पडला होता. इतकी वर्षं हे कोणाला बोललो नाही.

ही दुर्बीण शाळेत आली हॅलेच्या लाटेत. 1986 साली त्या धूमकेतूपायी निम्मं पुणं पहाटेचं उठून गच्चीवर गेलं आणि बहुतेकांना दिसला तो कापसाचा पुसट बोळा. धूमकेतू गेला, दुर्बीण राहिली. साठ मिलिमीटरचं भिंग, डुगडुगणारी तिपाई, आणि नळीला टेकून श्वास सोडला तरी हलणारं आकाश. बहुतेक मुलांचा उत्साह चंद्राचे खड्डे पाहून संपला. भूगोलाच्या सरांचा मात्र संपला नाही. शनिवारी रात्री आम्ही पाच-सहा जण घरून डबा खाऊन परत शाळेत यायचो. सदाशिव पेठेत तेव्हाही रस्त्यावरचे दिवे होतेच, पण गुरूला दिव्यांचं काही वाटत नाही. तो दिसतोच.

आमच्या घरी गुरू म्हणजे गुरुबळ. ताईचं लग्न त्या वर्षी त्याच्यापायीच अडलं होतं. आजीला मी सांगितलं की गुरूला चार चंद्र दिसतात, तर म्हणाली, "मग त्यातला एखादा तरी आपल्या बाजूचा असेल की रे."

त्या हिवाळ्यात गुरू वृषभेत होता, कृत्तिकांपासून फार लांब नाही. जानेवारीत रात्री नऊच्या सुमाराला तो पुण्यात जवळजवळ बरोबर डोक्यावर यायचा. प्रिझम असता तर उभ्याने वाकून पाहता आलं असतं. तो हौदात. त्यामुळे दोन बाकं शेजारी लावायची, त्यांवर तिपाई चढवायची, खाली सतरंजी टाकायची आणि बाकांच्या फटीत डोकं घालून उताणं पडायचं. मान अवघडायची. शिक्षा म्हणून ती योग्यच होती, पण माझ्याबरोबर बाकीचेही भोगत होते.

सरांचा नियम एकच. वहीत मधोमध एक वाटोळं काढायचं, त्याच्या दोन्ही बाजूंना चंद्र जिथे दिसतील तिथे ठिपके, बाजूला तारीख आणि वेळ. नावं घालायची नाहीत. आयो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फेरी मारतो, युरोपाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो, गॅनिमिडला युरोपाच्या दुप्पट, कॅलिस्टो सोळा दिवसांहून जास्त घेतो. हे सगळं सरांना पाठ होतं, पण त्यांनी ते आम्हाला फेब्रुवारीपर्यंत सांगितलं नाही. "ठिपके काढा. कोण कोण आहे ते तेच सांगतील." दोन महिन्यांची पानं भराभर उलटली की ठिपके खरंच इकडून तिकडे झोके घेताना दिसायचे.

त्या शनिवारी मला सर्दी झाली होती आणि सोमवारी बीजगणिताची चाचणी होती. मी नळीला डोळा लावला न लावला, बाहेर आलो आणि चार ठिपके मांडून मोकळा झालो. चार असतात हे पुस्तकात होतंच.

सरांनी लाल जिलेटिन लावलेली बॅटरी वहीवर धरली. "हा चौथा कुठे दिसला तुला?"

"तो काय, डावीकडे."

"अस्सं. गॅलिलिओला 7 जानेवारी 1610 ला तीनच दिसले. त्याने तीन काढले. चौथा 13 तारखेला दिसला, तेव्हा काढला. तू हुशार दिसतोस. झोप परत."

बाकीचे फिदीफिदी हसले. मी सतरंजीवर आडवा झालो. दोन तपकिरी पट्ट्यांची ती चपटी थाळी, आणि ठिपके तीन. मोजून तीन. "उठायचं नाही," एवढंच सर म्हणाले. पाठीखाली गच्ची गार पडत चालली होती. गुरू दर मिनिटाला काठाकडे सरकायचा, मी नळी हलक्या हाताने ढकलून त्याला परत मध्ये घ्यायचो. दहा मिनिटं गेली असतील, पंधरा असतील.

मग थाळीपासून तिच्या व्यासाएवढ्या अंतरावर, जिथे काहीच नव्हतं तिथे, काहीतरी असल्याचा भास झाला. सर्दीने डोळ्यात पाणी आलं असेल म्हणून पुसलं. भास तिथेच. नजर जरा बाजूला वळवली की दिसायचा, सरळ पाहिलं की जायचा. हळूहळू तो सरळ पाहूनही राहायला लागला, आणि काही मिनिटांत इतर तिघांपेक्षाही ठसठशीत झाला. गुरूच्या मागून आलेला नव्हता. रिकाम्या काळोखात उगवला होता. आणि उजवीकडे. मी डावीकडे काढला होता.

सरांना हे आधीच ठाऊक होतं. ज्योतिर्विद्या परिसंस्थेतल्या एका ओळखीच्या माणसाकडून ते ग्रहणांच्या वेळा उतरवून आणत. गॅनिमिड गुरूच्या सावलीतून बाहेर पडत होता. नोव्हेंबरात सूर्य, पृथ्वी आणि गुरू एका रेषेत होते, तेव्हा ती सावली गुरूच्या बरोबर मागे लपलेली. पृथ्वी पुढे सरकली तशी ती आम्हाला एका बाजूला पडायला लागली. "आणि आत्ता पाहिलंस ते पस्तीस मिनिटांपूर्वीच होऊन गेलंय," सर म्हणाले. रोमर नावाच्या माणसाने आयोच्या अशाच ग्रहणांच्या वेळा कधी लवकर, कधी उशिरा येतात हे धरून 1676 मध्ये प्रकाशाला वेग असतो हे दाखवलं, ही गोष्ट मी त्या गच्चीवर, पांघरलेल्या चादरीत ऐकली. चाचणीत नापास झालो. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही.

चुकीचा ठिपका सरांनी खोडू दिला नाही. त्याच्याभोवती लाल शाईने गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'ऐकीव.'

गुरूला राशीचक्राच्या एका फेरीला बारा वर्षांना थोडी कमी लागतात. तीन फेऱ्या झाल्या. 2025 च्या जानेवारीत तो पुन्हा वृषभेत होता, या वेळी रोहिणीजवळ. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ताईच्या नातीला घेऊन गेलो. (लग्न झालं तिचं, पुढच्याच वर्षी.) दुर्बीण माझी, प्रिझमसकट. पोरगी बराच वेळ डोळा लावून होती. किती दिसतात, असं विचारलं आणि माझ्याच तोंडावर 'चार' आलं होतं, ते गिळलं.

"तीन," ती म्हणाली. मग थांबून, "नाही, एक त्याला चिकटलाय. साडेतीन."