रोलरचे पट्टे काही केल्या जाईनात!

घरची भिंत रंगवताना घासणं, पुट्टी, प्रायमर हे सगळं सुरळीत पार पडलं. डोकं फिरवलं ते रोलरच्या पट्ट्यांनी.

समोरून बघितलं तर भिंत एकसारखी. तिरपं ऊन पडलं की मात्र उभे पट्टे उठून दिसायचे, एक मंद, एक चकचकीत. ज्याला विचारावं तो म्हणे, "अजून एक हात मारा." मारला. पट्टे आहेत तिथेच! या सल्ल्याचा मला अजून राग येतो, कारण रंग कमी पडलेलाच नसतो. सुकायला लागलेल्या कडेवर पुन्हा ओला रोलर फिरला की तिथे दुहेरी थर बसतो, अर्धवट सुकलेला रंग ओढला जातो आणि तो जोड वेगळा चमकतो. काम करायची पद्धत तीच ठेवली तर प्रत्येक हातासोबत नवे जोड तयार होतात.

म्हणून कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिच्यावर चढवायचा. बरेच जण आधी ब्रशने चारही कडा रंगवून घेतात. रोलर तिथे पोचेपर्यंत त्या सुकतात आणि भिंतीला चौकट दिसते. मी हातभरच कड ब्रशने घ्यायचो, लगेच तेवढ्याच भागावर रोलर, मग पुढे. पंखा बंद, पडदा ओढलेला. कुणी हाक मारली तरी थांबायचं नाही, थांबायचं ते कोपऱ्यात. शेवटचा फेर वरून खाली, न दाबता. रोलर कोरडा पडला की चरचर आवाज येतो. तेव्हा दाबून रंग काढायला गेलात तर रोलरच्या टोकाशी रंगाची बारीक रेघ उठते. सरळ रंगाच्या ट्रेकडे वळा.

हो, आणि डबे एकाहून जास्त असतील तर सगळा रंग आधी एका बादलीत एकत्र करा, म्हणजे छटेत फरक पडत नाही. गुळगुळीत भिंतीला ९ ते १२ मिलिमीटर केसांचा रोलर पुरतो. नव्या रोलरचे सुटे धागे चिकटपट्टीने काढून घ्या.

पट्टे आधीच पडले असतील तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, धूळ पुसा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत एका दमात घ्या. नुसत्या पट्ट्यावर रंग लावलात तर ठिगळ दिसतं. माझी भिंत अशीच सुधारली. टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा उजेड टाकला, एकही जोड दिसला नाही. मला तिचा खरंच अभिमान वाटतो.