समुद्राकडे पाठ करून वाचायच्या कादंबऱ्या

दादर, ४ मे, रात्री

आज संध्याकाळी भाचीचा फोन आला. ती आणि तिच्या ऑफिसमधल्या तिघी चार दिवसांसाठी दापोलीला चालल्या आहेत. कर्द्याला अगदी पाण्यासमोरची खोली मिळाली आहे म्हणून स्वारी खुशीत होती. "मावशी, तिकडेच घडणाऱ्या दोन-तीन कादंबऱ्या दे ना, समुद्रासमोर बसून वाचीन म्हणते," असे तिने मागितले आणि मी "देते की" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवून कपाटापुढे उभी राहिले तेव्हा ध्यानात आले की, कोकणातल्या ज्या कादंबऱ्यांवर माझा जीव आहे, त्यांतली समुद्राकडे तोंड करून वाचावी अशी जवळजवळ एकही नाही. त्या सगळ्या बागेत, माजघरात, विहिरीवर आणि कोर्टाच्या पायरीवर घडतात. समुद्र असतो, पण परसदारी.

हे लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, हाही प्रश्नच आहे, कारण माझे गाव कोकणात नाही. आमचे मूळ गाव घाटावरचे, आणि तेही आजोबांच्या वेळीच सुटलेले. गिरगावातल्या आमच्या चाळीत परीक्षा संपल्या की मजल्यावरच्या आठ बिऱ्हाडांपैकी सहा बिऱ्हाडांच्या दारांना कुलपे लागत आणि महिनाभर गॅलरीत आम्ही दोघी बहिणी आणि वाळत घातलेले पापड एवढेच उरत असू. जूनमध्ये सगळे काळेठिक्कर होऊन परत येत. सोबत फणसपोळी, कोकमे, आठळ्या, शिवाय आठवडाभर टिकणारे एक अनुनासिक बोलणे असे. मला त्या बोलण्याचाच अधिक हेवा वाटे. अशाच एका सुट्टीत, तेरा-चौदा वर्षांची असताना, वाचनालयातून 'गारंबीचा बापू' घरी आणला आणि त्या वर्षापासून मेमध्ये मीही गावाला जाऊ लागले, असे म्हणायला हरकत नाही.

श्री. ना. पेंडशांची ही कादंबरी १९५२ सालची. पाणक्या विठोबाचा हा मुलगा, गावाने ओवाळून टाकलेला, तो हॉटेलवाल्या रावजीच्या राधेशी नाव जोडून घेतो आणि ज्या गावाने त्याला खिजगणतीत धरले नाही त्याच गावाच्या छातीवर उभा राहतो. गोष्ट एवढीच सांगितली तर ती कुठल्याही गावात घडू शकेल. मला तेव्हा वेड लावले ते सुपारीच्या बागेने. दिवसाही अंधारलेली, ओलसर, पायाखाली झावळ्या कुजत पडलेल्या आणि मधून पाटाचे पाणी खळखळत जाते आहे अशी जागा मी गिरगावात कुठे पाहणार होते! पुढे ती प्रत्यक्ष पाहिली तेव्हा बागेत शिरताच अंगावर जो गारवा येतो तो ओळखीचा वाटला.

पण प्रत्यक्ष पाहण्याआधी एक फजिती झाली, तीही नोंदवून ठेवते. लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही मुरूडला गेलो ते माझ्याच हट्टाने, कारण मुरूडजवळ गारंबी आहे असे मी कुणाकडून तरी ऐकले होते. गारंबी तिथे खरोखरच आहे. जंगल आहे आणि नवाबी काळातले धरणही आहे. मात्र ते मुरूड जंजिऱ्याचे, रायगड जिल्ह्यातले. माझ्या बापूचा मुलूख बाणकोटच्या खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात, जिथे मुरूड नावाचे दुसरेच गाव आहे. दिवसभर मी त्या धरणाच्या आसपास सुपारीची बाग शोधत होते आणि यजमान मुकाट्याने माझ्यामागून छत्री धरून चालत होते. संध्याकाळी त्यांनी एवढेच विचारले, "तुझ्या बापूने पत्ता दिला नव्हता का?"

दापोलीला जायला पुढे सात वर्षे लागली. पेंडशांचे जन्मगाव मुर्डी, आणि जवळच आसूद. आसूदला केशवराजाच्या देवळाकडे जाताना आधी बागेतून उतरत खाली नदीपर्यंत यावे लागते, मग पूल ओलांडून जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढायच्या. त्या उतारावर मी मध्येच थांबले, कारण वर सुपारीच्या शेंड्याला एक गडी होता. पोफळीचे झाड म्हणजे हाताच्या कवेत मावेल एवढे खोड, आणि उंची तीन मजले सहज असेल. त्याने घड तोडून खाली सोडला, मग झाडालाच झोका देत देत ते वाकवले, शेजारच्या पोफळीचा शेंडा हाताने पकडला आणि पहिले झाड सोडून दिले. सुटलेले झाड सपकन सरळ झाले. खाली न उतरता त्याने अशी चार झाडे केली. कड्यावरून उडी मारल्यासारखा बापू एका आयुष्यातून दुसऱ्यात जातो ते मला त्या दिवशी नीट कळले. कादंबरीत सुपारी कशाला येते तेही कळले, कारण तिथे माणसाची पत सुपारीत मोजली जाते. गाव कुणाला किती मान देणार हे त्याच्या बागेवर ठरते.

समुद्र तिथून फार लांब नाही. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो तेव्हा अर्धी मुंबई तिथे फोटो काढत असते. पण बागेत उभे असताना समुद्राचा वास तेवढा येतो, आवाज येत नाही.

५ मे

काल रात्री अर्धवट सुचलेले आज पुरे करते. या कादंबऱ्यांतून समुद्र मागे का राहतो, याचे मला सापडलेले उत्तर साधे आहे: त्या माणसांना तो पाहण्यासाठी नव्हता, जाण्यासाठी होता. कोकणातून मुंबईला यायचे म्हणजे बोट, आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी ही सगळी नावे आधी बोटींचे थांबे होती, मग पर्यटनस्थळे झाली. बोट धक्क्याला लागत नसे. किनाऱ्यापासून लांब उभी राही आणि माणसे, बोचकी, कोंबड्या पडावात घालून तिच्यापर्यंत नेत. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे जूनपासून पुढचे तीन महिने वाटच मिटलेली. अशा माणसांना सूर्यास्त दाखवत बसणारा लेखक त्यांच्यातला नव्हे, हे पहिल्या पानावर कळते. समुद्र म्हणजे मुंबई, मुंबई म्हणजे मनीऑर्डर, आणि मनीऑर्डर येईनाशी झाली म्हणजे काय समजायचे ते घरातल्या बाईला न सांगता समजे.

आणखी एक गोष्ट अशी की यांतले बरेचसे कोकण मुंबईत लिहिले गेले. पेंडसे अकरा-बारा वर्षांचे असताना मुंबईला आले ते इथलेच झाले. बेस्टमध्ये त्यांनी नोकरी केली आणि बेस्टचा इतिहासही लिहिला. दिवसभर ट्राम-बसच्या कचेरीत बसणारा माणूस रात्री मुर्डीच्या बागेला पाणी लावत असेल, या कल्पनेने मला उगाचच बरे वाटते. आरवलीचे जयवंत दळवीही मुंबईत नोकरी करून आरवलीतलीच माणसे लिहीत राहिले. त्यांच्या 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये गाव एकेका वल्लीच्या रूपाने समोर येते आणि हसवता हसवता मध्येच असा चटका देते की पुस्तक मिटावे लागते. भाचीला समुद्रावर न्यायला त्यातल्या त्यात हेच बरे, कारण कुठूनही उघडता येते. त्या आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात. हे ठाऊक असले की दळवींचा विनोद कुठून आला ते निराळे सांगावे लागत नाही.

वि. स. खांडेकर आरवलीच्या शेजारच्या शिरोड्यात १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शाळामास्तर होते, तरीही त्यांच्या कादंबऱ्यांत मला शिरोड्याची मिठागरे फारशी लागत नाहीत. तिथली माणसे सुभाषितांत बोलतात. हे वाचून थोरली बहीण माझ्याशी बोलणार नाही, पण रोजनिशीत तरी खरे लिहावे.

कोकणातल्या बाईचा सगळ्यांत खरा आवाज कुठला, असे विचारले तर मी 'पडघवली'तल्या अंबूचा सांगेन, आणि गंमत म्हणजे तो लिहिणारे गो. नी. दांडेकर जन्माने विदर्भातले, परतवाड्याचे. १९५५ सालच्या या कादंबरीत लग्न होऊन खोतांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांच्या, घरात आलेली अंबू स्वतःच आपली हकिकत सांगते. त्या सांगण्यात झाडपाल्याची औषधे येतात, भांडीकुंडी येतात, कुणाच्या अंगणात कुठले झाड होते आणि ते कोणी लावले हे येते. आणि ती हे सगळे इतक्या मायेने मोजत असताना वाचणाऱ्याच्या लक्षात येते की ही बाई मोडणाऱ्या गावाची याद करते आहे. एकेक दार बंद होत जाते. आमच्या चाळीतली मे महिन्यातली ती सहा कुलपे मला आठवली, आणि इथे कुलूप लागले म्हणजे तिथले दार उघडत असे, हे बऱ्याच उशिरा सुचले. पडघवलीत मात्र जी कुलपे लागली ती उघडायला कोणी आले नाही.

२०२० सालच्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढले तेव्हा रोठा सुपारीच्या त्या मुलखात आणि दापोलीच्या किनारी गावांतही बागाच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा ज्या घरी नेहमी उतरतो तिथल्या काकूंनी मागच्या दारी नेऊन मोकळे झालेले आभाळ दाखवले. "इथून आता समुद्र दिसतो," त्या म्हणाल्या. पाहुण्यांना हे आवडेल की नाही, असा त्यांना प्रश्न पडला होता. नवी पोफळ लावून फळाला यायला पाच-सात वर्षे जातात. मला त्या क्षणी अंबूच आठवली.

समुद्र खरोखर समोर असलेली कादंबरी माझ्या कपाटात एकच आहे, चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा', १९६६ सालची. कोंडुरा ही वेंगुर्ल्याच्या बाजूला खरोखरीची जागा आहे. खडकांत पाणी शिरते आणि घुमते. कादंबरीत त्या घुमण्याला इच्छा आहे. एका साध्या भटजीला तिथून सिद्धी मिळते, ब्रह्मचर्याची अट पडते, आणि मग वर कुठला आणि शाप कुठला हे निवडता येईनासे होते. कुडाळला खानावळ चालवलेला आणि आरती प्रभू या नावाने कविता लिहिणारा हा माणूस वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, १९७६ मध्ये गेला. श्याम बेनेगलांनी या कादंबरीवर १९७८ मध्ये हिंदी आणि तेलुगू चित्रपट केला. मी ती दोनदा वाचली आहे आणि दोन्ही वेळा रात्री वाचून चूक केली. भाचीला देणार नाही. पाण्यासमोरच्या खोलीत तर नाहीच.

९ मे

भाची येऊन पुस्तके घेऊन गेली. 'पडघवली' तिने चाळून बाजूला ठेवली ("मावशी, ही रडवणार") आणि मग परत उचलली. 'रथचक्र' मीच मागे ठेवली. मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबाशी एकटीने झगडणाऱ्या त्या बाईची गोष्ट पेंडशांच्या सगळ्या लेखनात मला श्रेष्ठ वाटते, साहित्य अकादमीचा पुरस्कारही तिला मिळाला, पण चार मैत्रिणी सुट्टीवर निघाल्या असताना ती पिशवीत घालण्याचा दुष्टपणा माझ्याने होईना.

'तुंबाडचे खोत' दिसताच तिचे डोळे चमकले. "म्हणजे हस्तरवालं?" मी तिला सांगितले की हस्तर नावाच्या राक्षसाच्या त्या २०१८च्या 'तुंबाड' सिनेमाचा या कादंबरीशी नावापलीकडे संबंध नाही. हे तुंबाड खेडजवळचे, जगबुडीच्या काठचे. या कादंबरीत भूत नाही, चार पिढ्यांचे खोत आहेत, आणि भुताने करायचे बहुतेक सगळे तेच करतात. जगबुडीत भरतीचे पाणी वर चढते, नदीत मगरी असतात, आणि त्या पाण्याच्या काठी एका घराण्याचा माज, पैसा, पाप आणि अधूनमधून अवचित उगवणारा चांगुलपणा पेंडशांनी दोन जाडजूड खंडांत मांडला आहे. कादंबरी १९८७ सालची, म्हणजे खोती कायद्याने जाऊन तेव्हा तीन तपे उलटली होती. कुणाची भीडमुर्वत न ठेवता लिहायला तेवढे अंतर लागत असावे. दुसऱ्या खंडात मला काही पाने लांबलेली वाटतात, पण पहिला खंड हातात घेतल्यावर मी एकदा दादरला उतरायचे ते थेट चर्चगेटला उतरले होते.

'गारंबीचा बापू'ची माझी प्रत मात्र मी दिली नाही. आधीच्या दोन प्रती अशाच प्रेमाच्या माणसांनी नेल्या आणि त्या आजही त्यांच्या प्रेमाच्या माणसांकडे फिरत असतील. तिला सांगितले, आसूदला बागेतून उतरताना वर बघ, कोणी पोफळीवर असेल तर थांब, आणि तिथून आलीस की इथे बसून वाच.

तुंबाडचा पहिला खंड तपकिरी कागदाचे कव्हर घालून, आत माझे नाव लिहून दिला आहे. दुसरा खंड तो परत आल्यावर.